दोन मुक्तिपत्रे : रशियातील भूदास आणि अमेरिकेतील गुलाम

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)



मी मराठीचा अध्यापक आहे, इतिहासाचा नव्हे. त्यामुळे आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या इतिहास विभागातील स्नेह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु या विषयाकडे मी आपण होऊन गेलेलो नाही. एका विद्यार्थ्याने मला तिकडे ढकलले.

एम. ए.च्या वर्गात महात्मा फुले यांचे 'गुलामगिरी' शिकवीत होतो. हे पुस्तक १८७३ सालचे. त्याची अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे, आणि अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला, त्यांना ते पुस्तक अर्पण केलेले आहे. आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या बाबतीत हा कित्ता गिरवावा, अशी आशा तेथे व्यक्त झाली आहे. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाला सातासमुद्रांपलीकडची ही घटना आपली वाटली, याचे महत्त्व मी माझ्या परीने रंगवून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, सुटल्यावर ते गेले कुठे?" मी विचारले, "म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे जमीन मालकाची, खोपट मालकाचं, बैल मालकाचे. कायद्यानं सोडलं हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ते गेले कुठे?"

मला उत्तर देता आले नाही. तास संपल्याची घंटा झाली, तिने माझी अब्रू राखली. परंतु त्या प्रश्नापायी पुढची दोन वर्षे मी या ग्रंथालयाचा उंबरठा झिजवला. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनातले आहे. माझे स्वतःचे संशोधन त्यात काही नाही. तुलनेसाठी रशिया का घेतला, तर एवढ्याचसाठी, की तोच प्रश्न त्याच काळात तेथेही उभा राहिला आणि त्याचे उत्तर अगदी निराळे दिले गेले. या दोन देशांची सविस्तर तुलना करणारा पीटर कोलचिन या अमेरिकन इतिहासकाराचा १९८७ सालचा ग्रंथ जिज्ञासूंनी अवश्य पाहावा.

योगायोग असा, की दोन्ही कथा एकाच आठवड्यात एकमेकींना ओझरत्या भेटतात. रशियात त्या काळी जुने पंचांग चालू होते. त्याप्रमाणे १९ फेब्रुवारी १८६१ रोजी, म्हणजे आपल्या तारखेने ३ मार्चला, झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. दुसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, वॉशिंग्टन येथे अब्राहम लिंकन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. आणि ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला हेतू नाही, असे आश्वासन त्या प्रसंगीच्या भाषणात दिले. म्हणजे ज्याला कोणी जाब विचारू शकत नव्हते तो अनियंत्रित सत्ताधीश लाखो माणसांना मोकळे करीत होता, आणि जनतेने निवडून दिलेला अध्यक्ष गुलामांच्या मालकांची समजूत घालीत होता. इतिहासाला आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांची फारशी पर्वा नसते, हे येथे दिसते.

आता ही माणसे होती किती? १८६० सालच्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. त्यांचे मालक चार लाखांच्या आत. रशियात खाजगी जमीनदारांच्या मालकीचे भूदास होते सुमारे दोन कोटी तीस लाख, आणि जमीनदार कुटुंबे एक लाखाच्या आसपास. या आकड्यांतच दोन व्यवस्थांमधला फरक आहे. अमेरिकेतील बहुसंख्य मालकांकडे मोजकेच गुलाम असत. मालक शेतावर राहत असे, गुलामांना नावाने व चेहऱ्याने ओळखत असे, त्यांच्या चुलीपर्यंत लक्ष घालीत असे. रशियातला मोठा जमीनदार पीटर्सबर्गमध्ये किंवा पॅरिसमध्ये असे. शेरेमेत्येव्ह घराण्याकडे तर लाखांनी भूदास होते. गावाचा कारभार कारभारी आणि 'मीर' नावाचा ग्रामसमाज पाहत असे. मालक दूर असल्यामुळे गावाला आपले असे थोडे अंग चोरून जगता येई; पण तोच मालक कधी आला, तर त्याच्या लहरीला आवर घालणारेही कोणी नसे.

भूदास म्हणजे गुलाम नव्हे, असे पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळते. तत्त्वतः ते खरे आहे. भूदास जमिनीला बांधलेला. १६४९ च्या संहितेने तो कायमचा जखडला गेला. तो झारचा प्रजाजन होता, कर भरीत होता, सैन्यात जात होता. आठवड्यातले काही दिवस धन्याच्या शेतावर वेठ, नाहीतर रोख वा मालाच्या रूपात खंड, असे त्याचे देणे असे. उरलेल्या वेळात तो ग्रामसमाजाने नेमून दिलेली जमीन कसत असे आणि ती आपलीच आहे असे मानीत असे. परंतु अठराव्या शतकात हा फरक पुसट होत गेला. धन्याने भूदासाला सैबेरियात धाडावे, जमिनीवाचून विकावे, जुगारात हरावे, हे सारे चालत असे. १७६७ साली तर धन्याविरुद्ध झारकडे तक्रार करण्याचीही मनाई झाली. दार्या साल्तिकोवा या जमीनदारणीवर १७६८ मध्ये अडतीस भूदासांच्या हत्येचा गुन्हा शाबीत झाला, तो अनेक तक्रारी दडपल्या गेल्यानंतर. आणि शिक्षा काय, तर मठातला बंदिवास. भूदासांची मोजणी 'आत्म्यां'त होई, तीही फक्त पुरुषांची. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात मेलेले आत्मे कागदावर जिवंतच राहत. गोगोलच्या 'मृत आत्मे' या १८४२ सालच्या कादंबरीतला नायक ते विकत घेत हिंडतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. अनेकांना ती निव्वळ कल्पनेची भरारी वाटते. वस्तुतः भूदास सरकारी पेढीकडे गहाण टाकून कर्ज उचलता येई, आणि मुक्तीच्या सुमारास जवळजवळ दोन तृतीयांश भूदास गहाण पडलेले होते. गोगोलचा नायक हिशेबी होता एवढेच.

मग खरा भेद कोणता? कातडीचा. रशियातील धनी आणि भूदास यांचा वर्ण एक, बहुधा धर्म एक, देव्हाऱ्यातली मूर्ती एक. अमेरिकेत मात्र १६१९ पासून आफ्रिकेतून आणलेल्या माणसाचा रंग हाच त्याचा दाखला झाला होता. हा भेद किती दूरवर पोचतो हे दोन माणसांकडे पाहिले म्हणजे कळते. दोघेही १८३८ साली सुटले.

पहिला तारास शेव्हचेंको, युक्रेनचा महाकवी आणि चित्रकार. तो जन्माने भूदास. त्याची चित्रे पाहून पीटर्सबर्गच्या कलावंतांनी त्याला सोडवायचे ठरवले. ब्र्यूलोव्ह या चित्रकाराने कवी झुकोव्स्कीचे व्यक्तिचित्र काढले, त्याची सोडत झाली, आणि त्या पैशातून धन्याला अडीच हजार रूबल मोजून शेव्हचेंकोचे मुक्तिपत्र घेतले गेले. दुसरा फ्रेडरिक डग्लस. मालकिणीने त्याला अक्षरओळख करून द्यायला आरंभ केला होता. मालकाने ती बंद पाडली, तेव्हा त्याने रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाचा दाखला उसना घेऊन, तो आगगाडीत बसला. दाखल्यावरचे वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. तपासनिसाने कागदावर नुसती नजर टाकली आणि तो पुढे गेला, म्हणून डग्लस वाचला. पुढे १८४६ मध्ये इंग्लंडातील मित्रांनी पैसे भरून त्यालाही रीतसर विकत घेतले आणि मोकळे केले. दोघांनाही अखेर मोल मोजूनच सुटावे लागले. पण शेव्हचेंको पीटर्सबर्गच्या रस्त्यावरून चालू लागला, की पाहणाऱ्याला तो काल कोण होता हे कळत नसे. डग्लस कितीही मोठा झाला तरी आगगाडीतला गोरा कारकून त्याला वेगळ्या डब्यात जायला सांगू शकत असे.

याच शेव्हचेंकोची १८५८ साली पीटर्सबर्गमध्ये आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाशी गाठ पडली. ऑल्ड्रिज तेथे ऑथेल्लोची भूमिका करायला आला होता. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. एका सरदाराची मुलगी मध्ये बसून दुभाष्याचे काम करी. शेव्हचेंकोने त्याचे चित्र काढले, ते आजही उपलब्ध आहे. त्या बैठकीत काय बोलणे झाले असेल, याची कल्पना करण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. शेव्हचेंको १८६१ मध्ये वारला, तो जाहीरनाम्यावर सही झाल्यानंतर एका आठवड्याने, आणि तो जनतेला वाचून दाखवला जाण्याच्या एक आठवडा आधी.

मुक्ती आली कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. क्रिमियन युद्धातल्या पराभवाने रशियाचे डोळे उघडले. १८५६ च्या वसंतात मॉस्कोच्या सरदारांपुढे झारने सांगितले, की ही पद्धत खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा आपणच ती वरून मोडलेली बरी. मग समित्या, उपसमित्या, मसुदे; पाच वर्षे हे चालले. निकोलाय मिल्यूतिन यांच्यासारख्या काही निष्ठावान अधिकाऱ्यांनी सरदारांचा विरोध सोसून काम पुरे केले. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांच्यापैकी कोणालाही विचारण्यात आले नाही. अमेरिकेत कागदाआधी तोफा आल्या. यादवी युद्ध सुरू झाले, आणि हजारो गुलाम स्वतःच पळून उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागले. त्यांचे करायचे काय, या अडचणीतूनच धोरण वळत गेले. १ जानेवारी १८६३ चा लिंकन यांचा जाहीरनामा फक्त बंडखोर प्रदेशापुरता होता. सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपूर्ण देशातून गेली. तोवर सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती. (याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद होऊन आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरबाजाराचे वेड पसरले, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच ते कोसळले.)

आता मी त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो.

रशियात जाहीरनामा चर्चमधून वाचून दाखवण्यात आला. तो लिहिला होता धर्मगुरू फिलारेत यांनी, आणि अशा अलंकारिक भाषेत, की गावकऱ्यांना त्यातून एवढेच कळले, की काहीतरी मोठे घडले आहे आणि अजून दोन वर्षे सारे पूर्वीप्रमाणेच चालायचे आहे. मूळ कायदा म्हणजे सतरा निरनिराळ्या अधिनियमांचे बाड. गावोगावी त्याच्या प्रती गेल्या. कझान प्रांतातील बेझ्दना नावाच्या गावात आंतोन पेत्रोव्ह या शेतकऱ्याला थोडेफार वाचता येत होते. लोकांनी त्याला ते बाड वाचायला बसवले. झार कनवाळू आहे, त्याने खरी मुक्ती दिली असणारच, सरदार आणि पाद्री ती लपवीत आहेत, अशी सर्वांची श्रद्धा होती. पेत्रोव्ह पाने उलटीत राहिला; आणि छापील नमुन्यांतली शून्ये व टक्क्याचे चिन्ह यांत त्याला त्या खऱ्या मुक्तीची गुप्त मुद्रा दिसली. त्याने जाहीर केले, की जमीन आपली, वेठ संपली, खंड द्यायचा नाही. आसपासच्या गावांतून हजारो माणसे जमली. सैन्य आले. पेत्रोव्हला स्वाधीन करा, असे सांगूनही जमाव हलला नाही, तेव्हा गोळीबार झाला. पहिल्या सरकारी मोजणीप्रमाणेच पन्नासांवर माणसे मेली. खरी संख्या अधिक होती. अखेर पेत्रोव्ह झोपडीतून बाहेर आला, तो कायद्याचे ते बाड डोक्यावर धरून. आठवड्याभरात त्याला गोळी घालण्यात आली. मृतांसाठी कझानमध्ये झालेल्या प्रार्थनेच्या वेळी श्चापोव्ह या इतिहासाच्या प्राध्यापकाने भाषण केले, म्हणून त्यालाही अटक झाली. प्राध्यापकांच्या भाषणाची एवढी दखल घेणारी सरकारे होती, हे ऐकून आम्हा मंडळींना किंचित हेवा वाटावा!

विनोद बाजूला ठेवू. पेत्रोव्हचे वाचन चुकले, हे कोणीही सांगेल. मला मात्र तो कायदा वाचल्यापासून वाटते, की शब्द चुकले तरी आशयाचा त्याला आलेला संशय खरा होता. लबाडी खरोखरच आकड्यांत होती.

ती कशी, ते पाहा. भूदासाचे शरीर मोफत मुक्त झाले, त्याचे मोल धन्याला द्यायचे नाही, असे कायदा म्हणतो. द्यायचे ते फक्त जमिनीचे. पण जमिनीची किंमत ठरवायची बाजारभावाने नव्हे, तर भूदास पूर्वी देत असलेल्या खंडावरून : वर्षाचा खंड हे ज्या रकमेचे सहा टक्के व्याज होईल, ती रक्कम म्हणजे जमिनीची किंमत. वर्षाला नऊ रूबल खंड असेल, तर किंमत दीडशे रूबल. आता हा खंड माणूस केवळ त्या तुकड्यावरच्या पिकातून भरीत नव्हता; हिवाळ्यात गाडी हाकून, शहरात सुतारकी करून, बायकांच्या सूतकताईतून तो भरीत होता. म्हणजे त्याच्या घामाची किंमत गुपचूप मातीच्या किमतीत मिसळण्यात आली. दीडशेपैकी एकशेवीस रूबल सरकार धन्याला देई, त्यातूनही त्याचे जुने गहाणकर्ज कापून घेई. उरलेले तीस शेतकऱ्याने परस्पर द्यायचे. आणि सरकारचे एकशेवीस शेतकऱ्याने फेडायचे ते वर्षाला सात रूबल वीस कोपेक याप्रमाणे, एकोणपन्नास वर्षे. बेरीज तीनशे बावन्न रूबल ऐंशी कोपेक. आपल्या सहकारी पतपेढीच्या चिटणिसांनी मनातल्या मनात हिशेब केला असेलच.

शिवाय काळ्या मातीच्या सुपीक प्रदेशात पूर्वीच्या कसणुकीतली सुमारे पाचवा हिस्सा जमीन कापून धन्याला देण्यात आली; तीत नेमकी कुरणे, पाणवठे आणि वाटा असत. हप्त्यांना सारा गाव सामुदायिक जबाबदार. एक पळाला तर त्याचे शेजाऱ्यांनी भरायचे. म्हणून गाव कोणाला सहजासहजी बाहेर जाऊ देत नसे. शहरात कामाला जायचे तर ग्रामसमाजाच्या संमतीचा परवाना लागे. घरगुती नोकरांना तर जमीनच मिळाली नाही. शेतकऱ्यांसाठी न्यायालये वेगळी, आणि तेथे फटक्यांची शिक्षा १९०४ पर्यंत चालू होती. हप्ते पूर्ण माफ झाले ते १९०५ च्या क्रांतीनंतर, १ जानेवारी १९०७ पासून. तेव्हा रशियाचे उत्तर असे : सुटल्यावर ते कोठेही गेले नाहीत. जमिनीसकट सुटले आणि जमिनीनेच बांधले गेले.

अमेरिकेत जमिनीचा प्रश्न अवघ्या नऊ महिन्यांत उभा राहिला आणि बुजवला गेला. ही हकिकत आपल्याकडे कमी सांगितली जाते, म्हणून जरा थांबतो. १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारले, की तुम्हांला पुढे काय हवे? त्यांचा प्रवक्ता होता सदुसष्ट वर्षांचा गॅरिसन फ्रेझियर. त्याने १८५७ मध्ये एक हजार डॉलर मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतले होते. त्याचे उत्तर असे होते, की आम्हांला जमीन द्या. ती कसून आम्ही आपले पोट भरू, आणि पुढे ती विकत घेऊ. रशियात जे विचारण्याचे कोणाला सुचले नाही, ते येथे निदान एकदा विचारले गेले. चारच दिवसांनी शर्मनने हुकूम काढला : किनाऱ्यालगतची, मालक सोडून गेलेली जमीन कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत वाटावी. सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली, पेरणी झाली. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मालकांना माफी देण्याचा सपाटा लावला, आणि शरद ऋतूत जमिनी परत करण्याचा आदेश निघाला.

हे सांगण्याचे दुर्दैव सेनापती हॉवर्ड यांच्या वाट्याला आले. हे गृहस्थ खरोखरच मुक्तांचे हितचिंतक होते. ऑक्टोबरमध्ये ते एडिस्टो बेटावर गेले आणि चर्चमध्ये जमलेल्या लोकांना म्हणाले, की जुन्या मालकांशी समझोता करा, त्यांना क्षमा करा. बेटावरच्या लोकांनी तीन जणांची समिती निवडून लेखी उत्तर दिले. ज्या माणसाने मला झाडाला बांधून फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला मारले, आणि जो आता त्याच्या अटी मान्य केल्याशिवाय मला रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, त्याला मी क्षमा कशी करू, असा त्याचा आशय आहे. त्या पत्राचे शुद्धलेखन अनेक जागी चुकलेले आहे. मी पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. त्या पत्रातल्या चुकांवर लाल रेघ ओढण्याचे धैर्य मला होणार नाही.

पुढचे आपल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. जमीन मालकाची, बी-अवजारे मालकाची, पीक अर्धेलीने. आणि पीक हाती येईपर्यंत दुकानदाराकडून उधारी, तीही उभ्या पिकाच्या तारणावर. हिशेबाची वही दुकानदाराची. वर्षअखेरीस नेहमी थोडे देणे उरायचे. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या ज्या वह्या जाळल्या, त्यांची ही सख्खी भावंडे. तेराव्या घटनादुरुस्तीत शिक्षा झालेल्या गुन्हेगाराचा अपवाद ठेवलेला होता. त्या फटीतून हजारो माणसे भटकेपणासारख्या क्षुल्लक गुन्ह्यांखाली पकडून खाणीत आणि मळ्यांवर भाड्याने दिली गेली.

असे असता फुल्यांनी १८७३ साली ती अर्पणपत्रिका लिहिली, तेव्हा ते भाबडे ठरतात काय? मला तसे वाटत नाही. त्या वर्षी दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदान करीत होते, विधिमंडळांत बसत होते. ब्लांश ब्रूस हा जन्माने गुलाम असलेला माणूस दोनच वर्षांनी मिसिसिपीतून सिनेटवर गेला. रशियातल्या मुक्त शेतकऱ्याला असे काही स्वप्नातही दिसणे शक्य नव्हते, कारण तेथे देशाच्या विधिमंडळासाठी मतदान कोणालाच नव्हते. १८७७ मध्ये दक्षिणेतील उरलेल्या राज्यांतून संघराज्याच्या सैन्याचा पाठिंबा निघाला, आणि मग ते सारे उलटे फिरले. फुल्यांनी जे पाहिले ते खरे होते. फक्त त्याचे आयुष्य थोडे होते. आणि नुसत्या कायदेशीर सुटकेने भागत नाही, कर्ज व अज्ञान यांचीही बेडी असते, हे पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको होते.

अज्ञानावरून एक गोष्ट आठवली. माझ्या दृष्टीने या साऱ्या तुलनेत ती सर्वांत अनपेक्षित आहे. रशियन शेतकऱ्याला जमीन मिळाली, अमेरिकन मुक्ताला मिळाली नाही. पण दक्षिणेत गुलामाला वाचायला शिकवणे अनेक राज्यांत गुन्हा होता, आणि बंदी उठताच म्हातारीकोतारीसुद्धा पाटी घेऊन बसली. मुक्तांसाठीच्या सरकारी खात्याच्या आश्रयाने पाचेक वर्षांत चार हजारांहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. १८८० मध्ये कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सत्तर निरक्षर होते, १९०० मध्ये चव्वेचाळीस. रशियाच्या १८९७ च्या शिरगणतीत साक्षर होते सगळे मिळून शेकडा एकवीस. दोन्ही मोजण्यांची रीत सारखी नाही हे मान्य. तरीही तफावत बोलकी आहे. रिकाम्या हाताने सुटलेल्यांनी अक्षर धरले. ज्या बडोद्यात १९०६ साली शिक्षण सक्तीचे झाले, आणि ग्रंथालये उभारण्यासाठी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणले गेले, तेथल्या श्रोत्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण त्याच बोर्डनच्या देशात मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेने मतदाराला घटनेचे कलम वाचून वा समजावून दाखवण्याची अट घातली, आणि परीक्षक गोरा ठेवला. पूर्वी वाचता येणे हा गुन्हा होता. आता वाचता येऊनही नापास होता येत होते. मताधिकार पुन्हा खऱ्या अर्थाने हाती यायला १९६५ साल उजाडावे लागले.

आणखी दोन माणसांची हकिकत सांगून थांबतो. दक्षिण रशियातला येगोर चेखव हा भूदास. त्याने १८४१ साली साडेतीन हजार रूबल साठवून स्वतःची, बायकोची आणि तीन मुलांची सुटका विकत घेतली, माणशी सातशे. मुलीसाठी पैसे उरले नव्हते, तिला धन्याने वर घाला म्हणून सोडली. त्याचा नातू अंतोन चेखव, ज्याच्या कथा आपण मराठीत आवडीने वाचतो. टागानरोग या आपल्या जन्मगावच्या वाचनालयात तो शाळकरी वयात वाचत बसे. पुढे नाव झाल्यावर, क्षयाने खंगत असतानाही, त्या वाचनालयासाठी तो पुस्तकांच्या पेट्या पाठवीत राहिला. दोन हजारांच्या आसपास पुस्तके त्याने दिली. ते वाचनालय आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

दुसरा मिसिसिपीतला रिचर्ड विल्सन. जन्माने गुलाम, यादवी युद्धात तो उत्तरेच्या आरमारात होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. कागद भरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याने त्याचे आडनाव 'व्हिन्सन' असे चुकीचे लिहिले, आणि त्या एका चुकीपायी तो मरेपर्यंत निवृत्तिवेतनासाठी अर्ज करीत राहिला. ते त्याला कधीच मिळाले नाही. ही हकिकत त्याचा नातू रिचर्ड राइट याने आपल्या १९४५ सालच्या आत्मचरित्रात लिहिली आहे. हा नातू १९२७ च्या सुमारास मेम्फिस शहरात हरकाम्या म्हणून कामाला होता. तेथल्या सार्वजनिक ग्रंथालयात कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळत नसत. त्याने कचेरीतल्या एका गोऱ्या सहकाऱ्याचे सभासद-कार्ड मागून घेतले आणि ग्रंथपाल बाईंना त्या सहकाऱ्याच्या नावाने एक खोटी चिठ्ठी लिहिली. आपण लिहिल्याचा संशय येऊ नये म्हणून तीत त्याने स्वतःचा उल्लेख, गोरे लोक करीत तशा हलक्या शब्दाने केला. बाईंनी चिठ्ठी वाचली, त्याच्याकडे पाहिले, आणि ही पुस्तके तू स्वतः तर वाचत नाहीस ना, असे विचारले. आपल्याला वाचता येत नाही, असे त्याने सांगितले. आणि दोन पुस्तके घेऊन तो बाहेर पडला.